जुलैत येऊ नका

पहिला पाऊस झाला की बीड जिल्ह्यात दोन गोष्टी जोमानं उगवतात. एक गाजर गवत आणि दुसरे पर्यावरणप्रेमी. गाजर गवत निदान दिवाळीपर्यंत टिकतं.

हे मी लांबून बघून लिहीत नाही. धारूरच्या बाजूला, बालाघाटच्या उतारावर एका मित्राची पाच एकर मुरमाड जमीन आहे. पर्माकल्चरच्या पद्धतीनं ती उभी करायचा त्याचा खटाटोप चालू आहे. शेजारच्या गायरानाच्या टेकडीवर इथलंच जुनं जंगल परत आणायचा दुसरा खटाटोप चालू आहे. मी दोन्हीकडे राबतो आणि फुकट राबतो. तेव्हा 'तुम्ही स्वतः किती झाडं लावली?' हा ठेवणीतला प्रश्न विचारणाऱ्यांनी तो खिशातच ठेवावा. फुकट राबण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती राबण्याच्या नावाखाली निघणाऱ्या पावसाळी सहलींबद्दल.

आधी इथलं वर्ष कसं असतं ते समजून घ्या. जून ते सप्टेंबर पाऊस, तोही त्याच्या मर्जीनं. दसरा झाला की गावोगाव ट्रक-ट्रॅक्टर लागतात. मुकादमाची उचल घेऊन झालेली असते, मुलीच्या लग्नात नाहीतर दवाखान्यात ती संपलेलीही असते. मग बीड जिल्ह्यातली लाखो माणसं कोयते, भांडी आणि लेकरं घेऊन कोल्हापूर, सांगली, सोलापूर, थेट कर्नाटकापर्यंत ऊसतोडीला जातात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर, आष्टीच्या डोंगरपट्ट्यातली कितीतरी गावं अर्ध्याहून जास्त रिकामी होतात. मागे म्हातारी माणसं राहतात आणि त्यांच्या गळ्यात पडलेली शाळेची पोरं. पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला, की उन्हाळ्यात सगळे परत.

आता झाडाचं वर्ष बघा. जुलैत लावलेलं रोप दिवाळीपर्यंत आपल्या आपण जगतं. ओल असते, ढग असतात, कुणी उपकार केले नाहीत तरी भागतं. ते मरतं फेब्रुवारी ते मे या दिवसांत. तेव्हा त्याला पाणी लागतं, आळं लागतं, बुडाशी पालापाचोळा लागतो. शेळ्यांपासून राखण लागते. वणवा आला तर फांद्या घेऊन धावणारी माणसं लागतात. म्हणजे झाडाला माणसाची खरी गरज पडते तेव्हा गाव उसाच्या फडात असतं. आणि आमचे स्वयंसेवक येतात कधी? जुलैत. गावातले सगळे हात घरी असतात, काम शोधत असतात, नेमके तेव्हा.

एवढंच मला सांगायचंय. पण एवढ्यावर कुणी हलत नाही, म्हणून पुढचं लिहितो.

जुलैतला खड्डा गावातली कुठलीही बाई घेऊ शकते आणि तुमच्यापेक्षा चांगला घेते. त्याचा तिला दाम मिळायला हवा. 2024-25 साली महाराष्ट्रात रोजगार हमीची दिवसाची मजुरी 297 रुपये होती. त्याच सुमाराला एका शिबिराची जाहिरात माझ्या फोनवर आली. नाव घेत नाही, घेण्याच्या लायकीचंही नाही. दोन रात्री, तीन दिवस, 'मातीशी नातं जोडा', तंबूत निवास, चुलीवरची भाकरी, आणि 'प्रत्यक्ष वृक्षारोपणाचा अनुभव'. शुल्क त्या बाईच्या महिनाभराच्या मजुरीहून जास्त. म्हणजे जे काम करायचे पैसे तिला मिळाले असते, तेच काम करायचे पैसे कुणीतरी भरतंय, ते तिसऱ्याच्याच खिशात जातायत, आणि ती बांधावर उभी राहून शहरातल्या पोरांना कुदळ कशी धरायची ते दाखवतेय. तेही फुकट. चुलीवरची भाकरी तिनंच थापलेली असते, हे सांगायला नकोच.

या राज्यानं 1972 च्या दुष्काळात खडी फोडून, पाझर तलाव खोदून दिवस काढलेत. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी आली, 1977 साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम आणि कामाला दाम, एवढं साधं तत्त्व. आज त्याच माळावर, त्याच मुरमात कामाचा दाम देणं राहिलं बाजूला, उलट कामाचाच अनुभव म्हणून बाजार मांडलाय. ज्यांना श्रमाची हौस आहे त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ऊसतोडीत एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा पडतो, म्हणजे मजुरी तर बुडतेच, वर दंड भरायचा. पाळीचा त्रास आणि खाडा दोन्ही नकोत म्हणून गर्भपिशवी काढून टाकणाऱ्या बायकांचा हा जिल्हा आहे. 2019 च्या सरकारी पाहणीत 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यांच्या गावात येऊन 'शरीरश्रमातला आनंद' यावर संध्याकाळी गोल करून बोलायचं असेल तर जरा हळू आवाजात बोला.

आता पर्माकल्चरकडे येतो, कारण हल्ली या सहलींचं दुकान त्याच पाटीखाली लागतं. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन या दोघा ऑस्ट्रेलियनांनी 1978 साली पुस्तक लिहून ही कल्पना मांडली. कल्पना चांगली आहे, माझा मित्र काही वेडा नाही. होमग्रेननं पुढे बारा तत्त्वं सांगितली. त्यातलं पहिलंच असं की आधी जागा नीट बघा, पाणी कुठून येतं, कुठं थांबतं, वारा कुठला, काय उगवतं, आणि मग हात घाला. ही शिकवण घेऊन आलेले लोक शुक्रवारी रात्री पोचतात आणि शनिवारी सकाळी कुदळ मारतात.

परिणाम बघायचा असेल तर एका शेतावर नेतो. नाव, गाव सांगत नाही. सहाशे-सातशे मिलिमीटर पावसाचा प्रदेश, तोही दर दोन-तीन वर्षांनी दगा देणारा. तिथं मुरमात गोल खड्डा करून केळी लावल्यात, कारण केरळमधल्या कुठल्यातरी चित्रफितीत तसं होतं. त्या केळींना पाणी येतं बोअरमधून. बोअरचं पाणी आधी शेततळ्यात, प्लास्टिकच्या कागदावर. तिथं मार्चपासून ते उन्हाला अर्पण. खालच्या वस्तीवर टँकर चालू आणि वर केळीचा गोल हिरवागार. त्याला म्हणायचं शाश्वत शेती. शेजारच्याचा कडबा विकत घेऊन त्याचं आच्छादनही केलेलं मी पाहिलंय. 2019 च्या उन्हाळ्यात याच जिल्ह्यात चारा छावण्यांमध्ये गुरं बांधून माणसं त्यांच्याजवळच झोपत होती. तिथं कडबा जमिनीवर पसरायचा म्हणजे काय, हे सांगायला कुठल्या अभ्यासक्रमाची गरज पडू नये. आमच्याकडे आच्छादन होतं तरवडाच्या आणि गिरिपुष्पाच्या पाल्याचं, गुरं ज्याला तोंड लावत नाहीत त्याचं.

हीच विद्या जमिनीला धरून कशी वापरायची हे बघायला लांब जायला नको. तेलंगणात झहीराबादच्या बाजूला, आपल्यासारख्याच कोरडवाहू दख्खनी पट्ट्यात, नरसन्ना कोप्पुला यांच्या 'अरण्य' संस्थेनं तिथल्याच शेतकऱ्यांना घेऊन वर्षानुवर्षं काम केलंय. 2017 साली हैदराबादला पर्माकल्चरचं आंतरराष्ट्रीय संमेलन भरलं ते अशा कामाच्या जोरावर. तिथं शेतकरी हा अनुभव देणारा मामा नसतो, काम त्याचं असतं.

जंगलाची गोष्ट तर याहून वाईट. कारण शेतावर चूक झाली तर मालक ओरडतो, गायरानाला मालकच नाही.

स्वयंसेवकाच्या डोक्यात जंगल म्हणजे उंच आणि हिरवं. बालाघाटचं जंगल तसं कधीच नव्हतं. खैर, हिवर, धावडा, सालई, पळस, मेडशिंग, बारतोंडी, बोर, आपटा, मध्येमध्ये गवत, ओढ्याच्या काठानं करंज आणि उंबर. मार्चमध्ये या जंगलात पानं दिसत नाहीत, ते मेल्यासारखं दिसतं, आणि ते अगदी ठणठणीत असतं. पण फोटोत ते येत नाही. म्हणून मग गुलमोहर येतो, रेनट्री येतं, कोनोकार्पस येतं, आणि ज्याला गुरं तोंड लावत नाहीत म्हणून सगळ्यांचं लाडकं ते गिरिपुष्प येतं. अलीकडे जपानी मियावाकी पद्धतीची घनवनं आलीत, चौरस मीटरला तीन-तीन रोपं. जपानच्या पावसात ती वाढली असतील. इथं दोन-तीन वर्षं टँकरनं पाजायचं आणि मग अनुदान संपलं की सोडून द्यायचं. टँकर ज्या विहिरीतून भरतो तिच्या मालकाला मात्र हे जंगल फार आवडतं.

(देशी-विदेशीच्या सोवळेपणात मी पडत नाही. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, धारूरच्या डोंगरातल्या किती घरांची दिवाळी त्यावर होते, आणि ते झाड मूळचं अमेरिका खंडातलं. ते इथल्या मुरमात कुणी पाणी न घालता रुजलंय. त्याला उपटा म्हणणारा एकजण आला होता. गावानं त्याला चहा पाजून वाटेला लावलं.)

गायरानाच्या टेकडीवरचा एक प्रसंग सांगतो, कारण सगळा घोटाळा त्यात दिसतो. एका जुलैत पाहुणे रोपं लावत होते. खड्ड्याच्या कडेला गुडघ्याएवढं एक काटेरी बुडूख होतं, चहूबाजूंनी कुरतडलेलं, पानं नखाएवढी. एका उत्साही तरुणानं 'झुडूप साफ करतो' म्हणून त्यावर कुदळ उचलली. शेळ्या राखणारी एक मावशी वर बसली होती, ती तिथूनच ओरडली, "आरं दादा, काय करायलाव? खैर हाय ती!" मग खाली आली, माती बोटानं उकरली आणि बुंधा दाखवला. मनगटाहून जाड. "शेरडं खायलेत म्हणून बुटकी ऱ्हायलीय. माझ्या लग्नाच्या आधीची आसंल." आणि त्या बुडखाशेजारी, त्याच खड्ड्यात जे रोप लावलं जात होतं त्याची काळी पिशवीसुद्धा पूर्ण काढलेली नव्हती. नुसती ब्लेडनं चिरली होती. आत मुळांचं गोल वेटोळं झालेलं. तसं रोप जगलं तरी त्याची मुळं स्वतःलाच आवळत राहतात आणि चार वर्षांनी ते वाऱ्यानं पडतं.

आम्ही नंतर काही लावलं नाही. त्या बुडखाभोवती बोराटीच्या फांद्यांचं कुंपण घातलं, फुटव्यांतला एक सरळ ठेवून बाकीचे छाटले. बस. जमिनीखाली जुन्या झाडाच्या मुळ्या तयार असतात, त्यांना पाणी घालावं लागत नाही. पाऊस झाला की त्या फुटव्याला जो उठाव येतो तो रोपवाटिकेतल्या कुठल्याही रोपाला येत नाही. अशी बुडखं त्या टेकडीवर ठायीठायी आहेत. आफ्रिकेत नायजर नावाच्या देशात, आपल्याहून कोरड्या वाळूत, टोनी रिनाउडो या कृषितज्ज्ञानं 1980 च्या दशकात शेतकऱ्यांबरोबर हेच केलं. लावलेली रोपं मरत होती, म्हणून त्यानं जमिनीतली जिवंत खोडं राखायला सांगितली. आज तिथं सुमारे 50 लाख हेक्टरवर झाडं परत आलीत. आपल्या शेजारी, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, चर खोदले, आणि डोंगर हिरवा झाला. पण राखण करण्याचा फोटो कसा काढणार? 'आज आम्ही 500 बुडखांना हात लावला नाही' असा बॅनर छापून कुणी आणत नाही.

आणि प्रत्येक माळावर झाडं हवीतच असंही नाही. पवन्या, मारवेल, कुसळी गवताचे माळ हे या जिल्ह्याचं तितकंच जुनं रान आहे. चिंकारा, काळवीट, लांडगा, चंडोल यांचं घर ते. सरकारी नकाशात ते पडीक म्हणून रंगवलेलं असतं, आणि पडीक म्हटलं की कुणालाही खड्डे घ्यायची मोकळीक. पाटोदा तालुक्यातलं नायगाव मयूर अभयारण्य 1994 साली झालं. मोर तिथं झुडपात आणि गवतात वाढतात, रेनट्रीच्या सावलीत नाही. धनगराला विचारा, कुठल्या माळाला गवत राखायचं आणि कुठल्या घळीत झाड धरतं, तो बसल्या जागेवरून हात करून दाखवील. त्याला कुणी विचारत नाही, कारण त्याच्या मेंढ्या जंगलाच्या शत्रू ठरवून टाकल्यात.

बीडमध्ये चांगलं काही झालंच नाही असं मी म्हणणार नाही. शहरालगत पालवणच्या डोंगरावर वन विभागाच्या जागेत अभिनेते सयाजी शिंदे आणि लेखक अरविंद जगताप यांच्या पुढाकारानं सह्याद्री देवराई उभी राहिली. 2020 च्या फेब्रुवारीत तिथं वृक्षसंमेलन भरलं, वडाला अध्यक्ष केलं. त्यावर हसणारे हसले, मी हसलो नाही. ज्या जिल्ह्यात महामार्ग रुंद करताना दुतर्फाची जुनी वडा-लिंबाची झाडं गेली तिथं वडाला एकदा तरी खुर्ची मिळाली, बरं झालं. पण पुढच्याच वर्षी, 2021 साली, त्या देवराईला आग लागली आणि वाढवलेली झाडं होरपळली. संमेलनाला आलेली गर्दी आणि आग विझवायला हाताशी असलेली माणसं यांच्यातलं अंतर किती असतं ते तेव्हा कळलं. हे त्या एका जागेचं दुखणं नाही. सुकलेलं गवत आणि एक बिडी एवढं पुरतं. वणवा थांबवायचा तर थंडीतच जाळरेषा काढाव्या लागतात. गवताचे पट्टे कापायचे, राखणदार ठेवून ते जाळायचे, पुन्हा साफ करायचे. अंग भाजतं, धूर डोळ्यांत जातो, आणि काम यशस्वी झालं तर काहीच घडत नाही. अशा कामाला स्वयंसेवक मिळाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

सरकारचं तर काय सांगावं. 2016 ला दोन कोटी, 2017 ला चार, 2018 ला तेरा आणि 2019 ला तेहतीस कोटी झाडं लावायची म्हणून राज्यभर ढोल वाजले. 2021 साली त्या झाडांचं काय झालं हे बघायला विधिमंडळाची समिती नेमायची वेळ आली. मोजणी लावलेल्या झाडांची होते, तिसऱ्या उन्हाळ्यात उभ्या असलेल्यांची नाही. जोवर मोजमाप हे असं आहे तोवर सरकार, कंपन्या, शिबिरवाले आणि हौशी मंडळी सगळे एकाच खड्ड्यात दरवर्षी नवं रोप लावत राहणार. आमच्या टेकडीवर असे खड्डे आहेत की गावातली पोरं त्यांना नावानं ओळखतात. हा अमक्या बँकेचा, हा तमक्या कॉलेजचा, हा साहेबांचा.

मग करायचं काय? मला विचाराल तर तिघांसाठी तीन उत्तरं आहेत. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी येऊच नये, शिबिराचं शुल्क राखणदाराच्या पगाराला द्यावं. डोंगरपट्ट्यातल्या एका जोडप्याला ऊसतोडीला जावं लागू नये एवढी वर्षाची मजुरी, तीही आगाऊ, द्यावी. मुकादम उचल देतो, तुम्हीही द्या. त्या जोडप्याच्या हातून जेवढी झाडं जगतील तेवढी तुमच्या साऱ्या मित्रमंडळाच्या हातून जगणार नाहीत, आणि त्यांची पोरं वर्षभर एका शाळेत राहतील ते वेगळंच. ज्यांच्याकडे ज्ञान आहे त्यांनी वर्षभराची नोंद ठेवायला मदत करावी: कुठल्या बुडखाला किती फुटवे, कुठल्या ओघळीत किती ओल, कुठल्या खड्ड्यात नांगी पडली. आणि ज्यांच्याकडे नुसते हात आणि हौस आहे, त्यांनी यावं. खरंच यावं. पण जुलैत नाही.

डिसेंबरात जाळरेषेला या. फेब्रुवारीत आळी करायला या. एप्रिलमध्ये या, दोन डबे पाणी घेऊन टेकडी चढा, सलाईनच्या रिकाम्या बाटल्या भरा, मडकी भरा, खाली उतरा, पुन्हा चढा. दुपारी बाराला काम थांबतं, चारला परत लागतं. तंबू नाही, शाळेच्या ओट्यावर झोपायचं. भाकरीचे पैसे जी थापते तिच्या हातात द्यायचे. फोटो काढायला हरकत नाही, पण त्यात पानं दिसणार नाहीत. बीडहून धारूरला एसटी मिळते. पुढे चालत यावं लागेल.